ब्युसेरेलिनचं इंजेक्शन: आठ महिने गोठ्यात वापरल्यावर

गोठ्यात ‘हार्मोनचं इंजेक्शन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पान्हा सोडायचं ऑक्सिटोसिनच येतं. ब्युसेरेलिनचा त्याच्याशी संबंध नाही. माज आणि स्त्रीबीज सुटणं ज्याच्या इशाऱ्यावर चालतं, त्या मेंदूतल्या जीएनआरएच या पेप्टाइडची (प्रथिनासारख्या छोट्या रेणूची) ही कृत्रिम, जास्त जोरकस आवृत्ती. टोचल्यावर दोनेक तासांत एलएच या बीज सोडवणाऱ्या हार्मोनची लाट येते आणि बीजांडकोषावर पुटक (बीज ज्यात वाढतं ती पाण्याची पिशवी) तयार असेल, तर 24 ते 32 तासांत फुटतं. पुटक तयार नसेल तर पैसे वाया.

नेहमीच्या द्रावणात 1 मिलीत 4 मायक्रोग्रॅम औषध असतं, बाटली 10 मिलीची. वेळेवर न फळणाऱ्या, पण नियमित माजावर येणाऱ्या गाईला भरवताना (रेतन करताना) किंवा त्याआधी 6 ते 8 तास 2.5 मिली. पुटकाची गाठ (सिस्ट) असेल तर 5 मिली. मात्रा स्नायूत खोल जायला हवी. गाईने मान झटकली, सुई निसटली आणि मिलीभर बाहेर सांडलं तर जवळपास निम्मा डोस गेला. मग औषध बनावट असल्याची ओरड होते.

खरा फायदा मुक्या माजात (बाहेर लक्षणं न दिसणाऱ्या माजात) दिसला. ओव्हसिंक या, सुया देऊन ठरल्या वेळी बीज सोडवण्याच्या पद्धतीत माज ओळखायची गरजच राहत नाही. सोमवारी सकाळी 9 वाजता 2.5 मिली ब्युसेरेलिन, पुढच्या सोमवारी 9 वाजता प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे बीजांडकोषावरची गर्भ टिकवणारी ग्रंथी विरघळवणारं हार्मोन (क्लोप्रोस्टेनॉल 500 मायक्रोग्रॅम, म्हणजे बहुधा 2 मिली), बुधवारी संध्याकाळी 5 वाजता पुन्हा 2.5 मिली ब्युसेरेलिन, आणि गुरुवारी सकाळी 9 ते दुपारी 1 या वेळेत रेतन. एका बाटलीत दोन गाई होतात. अडतं ते गुरुवारी. रेतन करणारा संध्याकाळी उगवला की सगळं गणित कोलमडतं, म्हणून त्याची वेळ पक्की झाल्याशिवाय पहिली सुई टोचूच नये.

कालवडींवर ही पद्धत तितकी चालत नाही. त्यांची पुटकांची लाट वेगळ्या गतीने फिरते आणि पहिल्या सुईला प्रतिसाद कमी मिळतो. व्यायल्यावर 50-60 दिवस व्हायच्या आत घाई नको. हाडं दिसणारी, पोटाला कमी पडणारी गाय असेल तर आधी खुराक आणि खनिज मिश्रण. ऐन उन्हाळ्यात म्हशींकडूनही फार अपेक्षा धरू नये. माजच बंद असलेल्या जनावराला योनीत 7 दिवस प्रोजेस्टेरॉनचं (गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचं) साधन ठेवून मग हा क्रम लावलेला बरा. सोट (माजावरचा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ हवा. त्यात पांढुरके कण किंवा पू दिसला तर गर्भाशयाचा उपचार आधी, नाहीतर बीज सुटूनही गर्भ टिकणार नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर ब्युसेरेलिन सौम्य आहे. पेप्टाइड असल्याने पोटात गेलं तरी पचून जातं, आणि लेबलवर दूध थांबवण्याचा काळ शून्य असतो. तरीही गरोदर बाईने ही सुई हाताळू नये. धोका खरा आहे तो मधल्या प्रोस्टाग्लँडिनचा: गाय गाभण असेल तर गर्भ पडतो, म्हणून पहिल्या सोमवारआधीच डॉक्टरांकडून तपासणी हवी. ते माणसाच्या कातडीतूनही शिरतं, तेव्हा गरोदर बाई आणि दमेकरी यांनी बाटलीला हात लावू नये; बाकीच्यांनी हातमोजे घालावेत, सांडलं तर लगेच साबणाने धुवावं.

एक खटकलेली गोष्ट म्हणजे फुकटच्या सल्ल्याने ब्युसेरेलिन ‘जरा जास्त, जरा रोज’ देण्याची हौस. या हार्मोनचा सतत मारा झाला की पिट्युटरी (एलएच सोडणारी मेंदूखालची ग्रंथी) उलट थंडावते; माणसांत याच गुणाचा उपयोग करून याच गटातल्या ल्युप्रोलाइडने हार्मोन दाबतात. दर वेळी नवी सुई वापरा, बाटली उन्हात ठेवू नका, आणि उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. रेतनानंतर 18 ते 24 दिवसांत गाय उलटते (पुन्हा माजावर येते) का ते पाहायचं. उलटली नाही म्हणून गाभण धरू नका, 30 दिवसांनी सोनोग्राफी किंवा 60 दिवसांनी हाताने तपासणी करून घ्या.