कानाले लावायची ‘वेगस’ मशीन : इन्फेक्शनसाठी घेऊन राहिले असाल तर आधी हे वाचा

ही मशीन कानाले क्लिप लावून वेगस नावाच्या नसेले बारीक करंट देते असं म्हणतात. ज्याले फक्त घ्यावी की नाही एवढंच पाहिजे त्यानं इथंच वाचून निघून जा : रात्री वीस मिनिटं शांत पडून राहायले ठीक आहे, इन्फेक्शनसाठी काहीच कामाची नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा आनलाईनवर चार-पाच नावांनी विकून राहिले, रंग तेवढा वेगळा.

डब्यात काय येते, तर मोबाईलपेक्षा लहान एक मशीन, चार्जिंगची केबल, कानाले लावायची क्लिप, रबराचे दोन जास्तीचे टोपणं आन एक पुस्तिका, तीही सारी इंग्रजीत. किंमत सात हजाराच्या घरात. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून आहे की इम्युनिटी वाढवते, शरीरातली सूज कमी करते आन ‘गंभीर इन्फेक्शनशी लढायले मदत’. हे शेवटचं वाचूनच आमच्या जावईबुवांनी पुण्याहून बाबासाठी मागवून दिली, पार्सल गावात येत नाही म्हणून तालुक्याले जाऊन आणा लागलं. जावईबुवांचं मन चांगलं आहे, त्याबद्दल बोलणं नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात मेडिकल चालवतो, डी.फार्म आहे, म्हणून डब्यावर काय लिहिलं ते जरा खोदून पाहायची खोड आहे.

बाबाले पावसाळ्यात स्क्रब टायफस झाला होता. धुऱ्यावरचं गवत कापता कापता बारीक किडा चावते, त्यातून जंतू आत जाते, २०१८ मध्ये नागपूरकडं याचे लय पेशंट निघाले होते तेव्हापासून नाव तरी लोकाईले माहीत झालं. पहिले सारे मलेरिया-डेंग्यूच समजून राहिले होते, मग जिल्ह्याच्या दवाखान्यात एका पोरगेल्या डॉक्टरनं कपडे काढून सारं अंग तपासलं तर जांघेत काळी खपली निघाली, भोवती लाल, आन बाबाले तिथं दुखतही नव्हतं. डॉक्सीसायक्लिन हे जंतू मारायचं औषध चालू झालं पण तोवर बीपी खाली गेला होता, सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनपायी सारं आंगच बिघडलं, म्हणून आयसीयूत टाकलं, बीपी उचलायले नॉरअॅड्रेनालिनची ड्रिप लावली. आन बाबा रात्रभर मरून गेलेल्या बैलाच्या नावानं हाका मारून राहिले होते. मी म्हटलं डोक्यात गेलं का, तर डॉक्टर म्हणे, “भाऊ, जंतू डोक्यात गेला असंच नसते, आंगातली सूज मेंदूले गोंधळात टाकते, सेप्सिसमध्ये म्हाताऱ्या माणसाईले होते असं.”

तिथून मले हा मेंदू आन सुजेचा नाद लागला, आन मशीनवाल्यांनी नेमकं हेच पकडलं आहे. मागचं विज्ञान खोटं नाही, उलट लय भारी आहे. वेगस नावाची नस मेंदूच्या बुडापासून निघते, गळ्यातून हृदय, फुप्फुस, पोट असं करत खाली जाते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर केव्हिन ट्रेसी नावाचे मेंदूचे सर्जन आहेत, त्यांच्या टीमनं २००० साली उंदरांवर दाखवलं की जंतूचं विष टोचलं आन गळ्यात ही नस विजेनं चाळवली तर टीएनएफ नावाचं सूज पेटवणारं प्रोटीन कमी बनते आन उंदीर शॉकमध्ये, म्हणजे बीपी पार पडून, जात नाही. म्हणजे मेंदूच्या हातात सुजेचा कासरा आहे, ढिलाही सोडता येते आन ओढताही येते. पुढं कळलं की पाणथरीत (प्लीहेत) येणाऱ्या नसा नॉरअॅड्रेनालिन सोडतात, त्यानं तिथल्या काही टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असिटाइलकोलीन नावाचं रसायन सोडतात आन ते लागलं की टीएनएफ बनवणाऱ्या पेशी गप होतात. वेगसपासून पाणथरीपर्यंतची मधली जोडणी नेमकी कशी यावर शास्त्रज्ञांतच भांडण आहे, ते असो. पण मले मजा वाटली ती ही की बीपीसाठी बाबाच्या शिरेत जे जाऊन राहिलं होतं तेच रसायन आंगातल्या नसा स्वतःच पाणथरीत सोडत असतात.

उलटा रस्ताही आहे. सुजेची खबर वेगसमधून वर मेंदूले जाते, ताप, अंग मोडून येणं, जेवण नकोसं होणं यात त्या खबरीचाही हात असते. कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०२४ मध्ये उंदरांमध्ये पाहिलं की मेंदूच्या बुडातल्या ठराविक पेशी बंद केल्या तर सूज हाताबाहेर जाते, त्याच चाळवल्या तर कमी होते. वेगसशिवाय दुसरीही सोय आहे, मेंदू किडनीवरच्या ग्रंथीले हुकूम देऊन कॉर्टिसोल सोडवते, तेही सूज दाबते. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसमध्ये बीपी पडल्यावर, ते ड्रिपनं उचलत नसलं तर हायड्रोकॉर्टिसोन देतात ते याच कामाचं.

आता डब्यावरचा घोळ पाहा. इम्युनिटी वाढवते असंही लिहून आहे आन सूज कमी करते असंही. अरे बाप्पा, नसेनं टीएनएफ दाबणं म्हणजे इम्युनिटीचा एक भाग दाबणंच झालं न! आन इन्फेक्शनमध्ये थोडी सूज तर पाहिजेच, तिच्याबिगर जंतू मरन कसा? सेप्सिसमध्ये ती बेफाम होते हे खरं, पण त्याच माणसात नंतर इम्युनिटी पार ढेपाळते आन दुसरं इन्फेक्शन धरते. टीएनएफ दाबायची औषधं सेप्सिसमध्ये पूर्वीच वापरून झाली, मोठ्या ट्रायल झाल्या, जो चमत्कार पाहिजे होता तो काही झाला नाही. उंदराले मोजून विष टोचणं वेगळं आन वावरातून चार-पाच दिवसाचा ताप घेऊन आलेला म्हातारा वेगळा.

माणसात या नसेच्या मशीनीले जे मोठं यश आलं ते संधिवातात आलं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-मशीनी मंजूर करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, आमवातासाठी, म्हणजे र्‍हुमॅटॉइडसाठी एक मशीन मंजूर केली, ती आपरेशन करून गळ्यात नसेवर बसवतात, दिवसातून एक मिनिट चालते. २४२ पेशंटच्या ट्रायलमध्ये तीन महिन्यांनी मशीन चालू असलेल्यांपैकी ३५ टक्क्यांले ठरवल्याइतका फरक पडला आन बंद मशीनवाल्यांपैकी २४ टक्क्यांले. फायदा आहे, पण केवढा तो पाहून घ्या. आन ही गळ्यात बसवलेली, आपली कानाले टांगलेली.

कानाचंही खरं आहे तसं. काडीनं कान कोरता कोरता एकदम ठसका येते न, तो वेगसच्या कानातल्या फांदीमुळंच. ती फांदी कानाच्या आतल्या खोलगट वाटीत असते. आन यांच्या व्हिडिओत ती मॅडम क्लिप कुठं लावते? पाळीले, जिथं बाया डूल घालतात! पाळीत ही नस नाहीच. मी ट्रायली वाचल्या तर तुलनेसाठी खोटी मशीन लावलेला गट करायचा असला की शास्त्रज्ञ मुद्दाम पाळीले क्लिप लावतात. म्हणजे कंपनी सात हजारात आपल्याले खोटाच गट बनवून राहिली. वाटीत लावून पाहिली तर क्लिप तिथं बसतच नाही, बाबाच्या कानातले केस, वरून दुपट्टा, दोन घास खाईस्तोवर क्लिप ताटात.

मी वाटीत बोटानं धरून लावली तेव्हा बाबा म्हणे, “काढ रे हे, मुंगळे चावून राहिले.” करंट कमी केला तर मग गपचूप पडून राहिले आन झोपले. आता ती झोप मशीनची, की दुखण्यातून उठलेल्या माणसाची, की दुपारच्या भाकरी-बेसनाची, हे कोण सांगन? मशीनचं मोबाईल अॅप हिरवी रेघ दाखवते आन ‘वेगल टोन’, म्हणजे या नसेचा जोर, सुधारला म्हणते, मी तर क्लिप टेबलावर ठेवूनही हिरवी रेघ पाहिली.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे की पेसमेकर, मिरगी, गरोदर बाई यांनी वापरू नये. हे डब्यावर मोठ्यानं पाहिजे होतं, कारण ही नस हृदयाची गती कमी करते, आन आमच्याकडं नाडी हळू करणाऱ्या बीपीच्या गोळ्या घेणारे लय लोकं आहेत, त्याईनं डॉक्टरले विचारल्याबिगर हात लावू नये. आन ताप असताना तर लावतच बसू नका, पावसाळ्यात ताप आला, दम लागला, लघवी कमी झाली, माणूस बरळायले लागला तर गाडी काढा आन दवाखाना गाठा, बाबा वाचले ते डॉक्सीनं, सलाईननं आन त्या पोरगेल्या डॉक्टरनं जांघ पाह्यली म्हणून.

कस्टमर केअरले फोन केला, पाळीचं विचारलं, तर तो हिंदीत म्हणे तीस दिन लगाइए, फर्क दिखेगा. तीस दिवस कायले सांगते ते पावती पाहून समजलं, परत करायची मुदत त्याच्या आतच संपते. मी मुदतीत परत पाठवली, पैसे आले पण कुरियरचे कापून. दोन स्टार, त्यातला एक बॅटरीचा, लोडशेडिंगमध्ये टिकली बिचारी.