कबड्डीच्या मुली, गुडघे आणि हुकाचा काटा: 8 महिन्यांनंतर

मागच्या मोसमात आमच्या संघातल्या दोघींच्या गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा बंध, तुटला. दोघीही चढाईत, बूट मॅटला रुतलेला आणि अंग वळलेलं. त्यानंतर मी भंगारवाल्यांकडे असतो तसा हुकाचा डिजिटल काटा घेतला, आणि सेकंदाला 240 फ्रेम टिपणारा फोन सरावाला आणू लागले.

मुलीला टेबलावर बसवायचं, गुडघा काटकोनात. घोट्याला पट्टा, पट्ट्याला काटा, काटा साखळीने टेबलाच्या मागच्या पायाला. ती पाय पुढे रेटते, आकडा येतो. मग दुसरा पाय. शस्त्रक्रियेनंतर सातव्या महिन्यात एक जण हट्टाला पेटली, "ताई, आता काहीच दुखत नाही, उतरवा ना मला." चांगला पाय 42 किलो, दुसरा 31. आकडा तिनेच वाचला आणि मुकाट्याने व्यायामाला लागली. किमान 9 महिने आणि चांगल्या पायाच्या 90 टक्के ताकद, त्याआधी सामना नाही, असं फिजिओंनी बजावलं होतं. दहाव्या महिन्यात 38 आले, तेव्हा तिला चढाईला सोडली. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

एसीएल पाय टेकल्यावर साधारण 40 मिलिसेकंदांत तुटतो. साध्या व्हिडिओत दोन फ्रेममध्येच 33 मिलिसेकंद जातात, म्हणजे नेमका क्षण हातून निसटतो. स्लो मोशनमध्ये 30 सेंटिमीटरच्या खोक्यावरून उडी मारताना कोणाचा गुडघा आत झुकतो ते मुलींना स्वतःला दिसलं. मी वर्षभर ओरडून सांगत होते, ते त्यांना तेव्हा पटलं. पण या उडीवरून कोण जखमी होणार हे ओळखता येत नाही, तशी अपेक्षा ठेवू नका. कोणाला काय शिकवायचं, एवढंच कळतं.

पहिला महिना वाया गेला. टेबल सरकायचं, पट्टा तिरका झाला की चार-पाच किलोंचा फरक पडायचा. जड टेबल भिंतीला टेकवल्यावर आकडे स्थिरावले. चौदा जणींना तास-दीड तास लागतो, म्हणून तीन आठवड्यांतून एकदाच घेते. यंदा हातांची साखळी करून पकड करताना एकीचा घोटा मुरगळला, तिथे यातलं काहीच कामाला आलं नाही. गुडघा अजून कोणाचा गेलेला नाही, पण 8 महिन्यांवरून मी छातीठोकपणे काही सांगणार नाही.

पट्टा मात्र रुंद घ्या. अरुंद पट्टा नडगीला रुततो आणि मुली पूर्ण जोर लावत नाहीत.