सीसी मालावर घ्यावी की ओडी जागेवर?

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरात छोटी फौंड्री चालवणाऱ्याने खेळतं भांडवल मागितलं की बँक साधारण दोन वाटा दाखवते: माल आणि येणी नजरगहाण देऊन (म्हणजे ताबा आपल्याकडेच ठेवून तारण देऊन) कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, नाहीतर जागेचे मूळ दस्त ठेवून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ओडी. मी दोन्ही वापरले आहेत. व्याजदर शाखेत कळतील. वाद झाला तर आपले कागद कुठे कुठे जातात, हे मात्र कुणी आधी सांगत नाही.

सीसीचा गुण मोठा आहे. ऑर्डर वाढली, माल वाढला की डीपी, म्हणजे खात्यातून उचलता येणारी रक्कम, वाढते. लहान मर्यादेला जागा अडकवावी लागेलच असंही नाही. त्या बदल्यात दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं आणि त्यासोबत येणेकऱ्यांची यादी: कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती बाकी, बिल कोणत्या तारखेचं. 90 दिवसांपुढची येणी सहसा डीपीत धरत नाहीत, म्हणून बँकेला हे सगळं नावानिशी लागतं.

माझं मत फिरलं ते या यादीमुळे. व्याजाच्या आकारणीवरून बँकेशी वाद झाला. रक्कम 20 लाखांच्या वर होती, त्यामुळे प्रकरण पुण्याच्या डीआरटीत, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात गेलं. येण्यांवर आपला बोजा आहे हे दाखवायला बँकेने स्टेटमेंटं आणि बिलांच्या प्रती अर्जाला जोडल्या. अर्जाची प्रत प्रत्येक प्रतिवादीला जाते, आणि जामीनदारही प्रतिवादीच असतो. आपल्याकडे जामीनदार बहुधा त्याच धंद्यातला मिळतो; माझ्या जामीनदाराचीही फौंड्रीच. बिलावर वजन आणि रक्कम शेजारी शेजारी असतात. भागाकार केला की कुठल्या पंपवाल्याला मी किलोला काय भावाने कास्टिंग देतो ते समजतं. माणूस सज्जन आहे, पण तो गठ्ठा त्याच्या वकिलाकडे, हिशेबनिसाकडे फिरला. वसुलीसाठी कोर्टात कागद लावणं बँकेच्या गोपनीयतेच्या बंधनात बसतं, त्यामुळे तिथे बोट ठेवता येईना. नावं-भाव झाकून प्रती द्याव्यात असा अर्ज करता येतो, पण प्रती वाटून झाल्यावर त्याचा उपयोग तो काय?

ओडीचा त्रास सुरुवातीला जास्त. जागेच्या मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल, व्हॅल्युएशन, एमआयडीसीचा प्लॉट असेल तर महामंडळाची परवानगी, दस्त ठेवल्यावर 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे सूचनेची नोटीस. मर्यादाही धंद्याबरोबर आपोआप हलत नाही. खातं थकलं तर सरफेसीची, म्हणजे तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या कायद्याची, 60 दिवसांची नोटीस येते आणि ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापली जाते. सहकारी बँक आहे म्हणून सुटका नाही. मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ते स्पष्ट केलं आहे. गावात बोलबाला होतो, हे मान्य. पण बाहेर जातं ते कर्ज आणि जागेचा पत्ता. गिऱ्हाईक आणि भाव सहसा घरातच राहतात, कारण मुळात ते बँकेला दिलेलेच नसतात. वर्षाच्या रिव्ह्यूला माझ्या शाखेला ताळेबंद आणि जीएसटीचं 3बी विवरणपत्र पुरतं. त्यात गिऱ्हाईकवार बिलं नसतात.

सगळ्यांनी ओडीच घ्यावी असं म्हणणार नाही. स्वतःची जागा नसेल किंवा घरात भावांची संमती मिळत नसेल, तर सीसीच बरी. सीजीटीएमएसईत, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या योजनेत बसलात तर बाहेरचा जामीनदार लागत नाही, मग माझी अडचण तुम्हाला तितकी जाणवणार नाही. जागा मोकळी असेल तर मात्र मी ओडीकडेच झुकेन, मर्यादा थोडी कमी मिळाली तरी.

सीसीच घेणार असाल तर मंजुरीपत्रावर सही करण्याआधी मॅनेजरसाहेबांना एक विचारून पाहा: येण्यांची मुदतवार बेरीज सीएच्या दाखल्यासह चालेल का, की बिलाची प्रत लागेलच? काही शाखा बेरजेवर भागवतात. आणि जामीनदार शक्यतो दुसऱ्या धंद्यातला शोधा.