खाऱ्या पाण्याची टाकी: समुद्राचं पाणी की पाकिटातलं मीठ?

रत्नागिरी-मालवणकडे कुणी समुद्री माशांसाठी घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला: समुद्र दाराशी असताना मीठ विकत का घ्यायचं? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र महिना पाहून द्यावं लागतं.

डिसेंबर ते मे उघड्या किनाऱ्यावरचं पाणी खरंच छान असतं. क्षारता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास, आणि फुकट. भरतीला, खडकाळ टोकावरून भरावं. खाडीचं मुख आणि जेटी टाळावी, जेटीपाशी डिझेलचा तवंग असतो. आणलेलं पाणी गाळून, झाकून, अंधारात दोनेक आठवडे ठेवायचं. त्यातले सूक्ष्मजीव मरतात, गाळ खाली बसतो, मग वरचं निवळ पाणी घ्यायचं.

मिठाला पैसे पडतात. १०० लिटरला साधारण साडेतीन किलो, आणि तेही मत्स्यटाकीसाठीचंच. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियम पुरेसं नसतं. ते विरघळवायला विहिरीचं पाणी नको. टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्याजवळ येणारं आरओ-डीआय पाणी, म्हणजे जवळपास सगळे क्षार काढलेलं पाणी लागतं, घरातल्या पिण्याच्या आरओचं बहुधा तिथवर पोचत नाही. पण हे पाणी बाराही महिने सारखंच बनतं, आणि माझ्या मते निवाडा इथेच होतो.

जूनमध्ये वाशिष्ठी, शास्त्री, काजळी गढूळ होऊन समुद्रात उतरतात. किनाऱ्यालगतची क्षारता घसरते, पाण्यात माती येते. नारळी पौर्णिमेला होड्या निघाल्या म्हणून पाणी लगेच टाकीजोगं होत नाही. आता हिशेब करा: मे महिन्यात समुद्राच्या पाण्यावर टाकी सुरू केली, तर ती तयार व्हायला, म्हणजे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तिच्यात वाढायला, चार ते सहा आठवडे लागणार. तेव्हा नायट्रेट चढलेलं असतं, मोठा पाणीबदल हवा असतो, आणि नेमकं तेव्हाच चांगलं पाणी मिळत नाही.

टाकी तयार झाली हे ओळखायची रीत दोन्हीकडे एकच. पाणी आरशासारखं दिसतं म्हणून मासा सोडू नका. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. कोरड्या खडकांवर टाकी मांडून अमोनियम क्लोराइड घाला, किंवा सोललेल्या कोळंबीचा तुकडा टाका. आधी अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढतं, शेवटी नायट्रेट. मधे काचेवर तपकिरी थर आला तर घाबरू नका. खरी परीक्षा अशी: अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम) नेल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले पाहिजेत. मग पाणी बदला आणि आधी एक-दोनच क्लाउनफिश सोडा.

किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणायचा विचारही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे, आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा, पाणी कुठलंही असो.

तेव्हा, आत्ता उन्हाळ्यात सुरू करत असाल तर मीठच घ्या. समुद्राच्याच पाण्यावर मन असेल तर दिवाळी उलटून पाणी निवळू द्या, आणि पावसाळ्यातल्या पाणीबदलांपुरतं मीठ आधीच आणून ठेवा. नवं पाणी ओतण्याआधी त्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायचं उपकरण) टाकीशी जुळवून घ्या.