यादी, वाचन की स्पोकन क्लास? इंग्रजी शब्दांसाठी सोलापुरात काय निवडाल

सोलापुरात इंग्रजी ही अनेकांची तिसरी नाही, चौथी भाषा असते. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, दुकानात हिंदी आणि मग इंग्रजी. त्यामुळे इथला मुलगा ‘मला भाषा जमतच नाहीत’ म्हणाला की मला ते पटत नाही. तीन भाषा तो रोज बोलतोच आहे. इंग्रजीत तो कुठे अडतो हे मात्र नीट पाहिलं जात नाही, आणि न पाहताच नवी पेठेतून शब्दांचं जाडजूड पुस्तक घरी येतं किंवा क्लासची फी भरली जाते.

म्हणून निवड करण्याआधी अर्धा तास काढून एक तपासणी करा. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या एखाद्या साध्या बातमीचे पहिले शंभर शब्द घ्या आणि अजिबात न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारा. मग कागद उलटा ठेवून तीच बातमी पाच इंग्रजी वाक्यांत लिहा. पाचाहून जास्त शब्दांखाली रेघ आली, तर तुम्हाला शब्दच कमी पडतात. रेघा एक-दोनच आल्या पण लिहिताना हात थांबला, तर शब्द आहेत, ते वापरायची सवय नाही. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यानंतर शाळेत गेलेल्यांपैकी माझ्या पाहण्यातले बरेच जण दुसऱ्या गटात मोडतात, आणि तरीही उपाय मात्र पहिल्या गटाचा करत राहतात. सगळी गडबड इथे आहे.

यादी पाठ करणं आणि कार्डं करणं

पहिल्या गटातल्यांना पाठांतर टाळता येणार नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. प्रश्न एवढाच की पाठ काय करायचं. मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी अशा सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तेवढे शब्द पक्के असतील तर रोजच्या इंग्रजीचा फार मोठा भाग हाताशी येतो. पुढे 2000 साली ॲव्हेरिल कॉक्सहेड यांनी कॉलेजच्या पुस्तकांत वारंवार येणारे 570 शब्दगट वेगळे काढले. शब्दगट म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं, जसं ॲनलाइझ, ॲनॅलिसिस, ॲनॅलिटिकल. या दोन्ही याद्या इंटरनेटवर सहज सापडतात. आपल्याकडच्या गाइडांत मात्र वर्षभरात एकदाही समोर न येणारे शब्द पहिल्याच पानापासून भरलेले असतात. एसएससी (दहावी नव्हे, केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा) किंवा बँकेच्या परीक्षेला समानार्थी, विरुद्धार्थी, एका शब्दात सांगा असे प्रश्न येतात, त्या विद्यार्थ्याला ते करावेच लागतील. बाकीच्यांनी आधी हे दोन-अडीच हजार शब्द पक्के करावेत.

गाइडांची आणखी एक अडचण फारसं कुणी सांगत नाही. ती शब्द जोड्यांनी आणि गटांनी देतात. बॉरो आणि लेंड एकाच दिवशी शिकवले की उसनं घेणं कुठलं आणि देणं कुठलं हा गोंधळ पुढे वर्षानुवर्षं राहतो. नवे शब्द पहिल्यांदा शिकताना सारखे किंवा उलट अर्थाचे शब्द एकत्र घेतले तर ते एकमेकांत मिसळतात, हे प्रयोगांतही दिसलं आहे. बॉरो आज घ्या, चार वाक्यांत वापरा, आणि तो बसल्यावर लेंडकडे वळा. जोड्या उजळणीसाठी चांगल्या, पहिल्या ओळखीसाठी नाहीत.

आता यादी वहीत लिहून रोज वाचायची, की कार्डं करायची? माझं मत ठामपणे कार्डांच्या बाजूने आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे उजळणी आधी लवकर आणि मग अंतर वाढवत करायला हवी. वहीत पहिलं पान रोज डोळ्यांखालून जातं आणि चाळिसावं पान कधीच येत नाही. शिवाय वही वाचताना अर्थ शेजारीच दिसतो, त्यामुळे सगळं येतंय असं वाटत राहतं. कार्डाच्या एका बाजूला शब्द असतो आणि अर्थ आठवावा लागतो. आठवण्याच्या त्या खटपटीनेच शब्द बसतो.

जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात यासाठी कप्प्यांच्या डब्याची साधी पद्धत सांगितली. बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. कार्डाचं उत्तर बरोबर आलं की ते पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे क्रमाने उशिरा. हेच काम मोबाइलवर अंकी नावाचं सॉफ्टवेअर आपोआप करतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. मोबाइल हातात घेतला की लक्ष भलतीकडे जात असेल तर खोकंच बरं.

कार्डावर सुटा शब्द लिहू नका, छोटं वाक्य लिहा आणि त्यातला शब्द गाळा. मागच्या बाजूला तो शब्द आणि त्याचा अर्थ लिहा. अर्थ कोणत्या भाषेत लिहायचा? जी भाषा मनात आधी येते तिच्यात. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलीला ‘ग्रजिंगली’सारख्या शब्दाचा अर्थ मराठीपेक्षा तेलुगूत चटकन आठवत असेल तर तिने बेधडक तेलुगूत लिहावा. शाळेत कुणी सांगत नाही म्हणून मुली मराठीत लिहितात आणि दोनदा भाषांतर करत बसतात.

वाचन: सावकाश, पण वापर इथेच कळतो

पॉल नेशन या अभ्यासकांनी 2006 मध्ये मांडलेला हिशेब असा: इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय नीट वाचायचं तर सुमारे 8000 ते 9000 शब्दगट यावे लागतात, आणि बोलणं समजायला 6000 ते 7000. नीट म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असणं. हा आकडा बघून घाबरू नका, पण पुस्तक निवडताना तो लक्षात ठेवा. शंभर शब्दांत दोनच अनोळखी असतील तर ते पुस्तक आरामात वाचण्याजोगं. पाच असतील तर शब्दकोश जवळ घेऊन. दहा असतील तर ठेवून द्या, तुमची बुद्धी कमी नाही, पुस्तक आज तुमच्यासाठी नाही.

‘रोज अग्रलेख वाच’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. नवशिक्याला तो देऊ नये असं मला मनापासून वाटतं. अग्रलेखातली वाक्यं लांब, संदर्भ दिल्लीचे, शब्द जड. आठवड्याभरात मुलगा वाचन सोडतो आणि इंग्रजी आपल्यासाठी नाही असं धरून चालतो. त्याऐवजी शब्दसंख्या मर्यादित ठेवून लिहिलेली, पायऱ्यापायऱ्यांची गोष्टींची पुस्तकं मिळतात, ती घ्या. मोठ्या प्रकाशनांच्या पुस्तकांवर पायरी छापलेली असते. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात विचारा. मुलांच्या कपाटातलं पुस्तक हातात घ्यायला मोठ्या माणसाने लाजू नये.

वर्तमानपत्रच हवं असेल तर एक युक्ती फार उपयोगी पडते. एखादी बातमी आधी मराठीत वाचा, मग तीच इंग्रजीत. उजनीचं पाणी, जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, क्रिकेटचा सामना, काहीही. विषय माहीत असल्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ आपोआप लागतो. पाणी ‘सोडलं’ याला इंग्रजी बातमीत रिलीज्ड म्हणतात, पुरवठा ‘विस्कळीत झाला’ याला डिसरप्टेड, हे कुठल्याही यादीतून इतकं पक्कं होत नाही.

वाचनाचं खरं मोल हेच की शब्द त्याच्या सोबत्यांसह भेटतो. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून इंग्रजीतही गिव्ह लावतो. इंग्रज विद्यार्थी परीक्षा टेक करतो किंवा सिट करतो. डिस्कसपुढे अबाउट नको. फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, इक्विपमेंट यांना अनेकवचनाचा एस लागत नाही. लग्नाच्या बाबतीत मॅरीड विथ नाही, मॅरीड टू. यातला एकही शब्द आपल्याला अनोळखी नाही, आणि चुका नेमक्या इथेच होतात. म्हणून दुसऱ्या गटातल्यांना माझं सांगणं आहे की नवे शब्द सहा महिने बाजूला ठेवा आणि माहीत असलेल्या शब्दांचे सोबती शोधा.

त्यासाठी शब्दकोशही वेगळा लागतो. इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो आणि थांबतो. अर्थ पटकन हवा असेल तर तोच चांगला. पण शब्द वाक्यात कसा बसतो हे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात मिळतं: नाम मोजता येतं की नाही, पुढे कोणतं शब्दयोगी येतं, उच्चार कसा, आणि दोन-तीन पूर्ण वाक्यं. अशा कोशांची वाट घालून देणारे ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि त्यांचा कोश 1942 मध्ये तिथेच पहिल्यांदा निघाला. परक्या मुलांच्या रोजच्या अडचणी बघून तो तयार झाला, म्हणून तो आपल्यालाही उपयोगी पडतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लॉन्गमन यांचे असे कोश आता इंटरनेटवर फुकट बघता येतात, व्याख्याही सोप्या शब्दांत असतात. दोन्ही कोश ठेवा, पण लिहायला बसताना दुसरा उघडा.

वाचनाचा दोष उघड आहे: फळ उशिरा दिसतं. एकदा भेटलेला शब्द राहत नाही, तो पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या जागी भेटावा लागतो. दोन महिन्यांवर मुलाखत असेल तर फक्त वाचनावर विसंबू नये.

स्पोकन इंग्लिशचा क्लास

क्लासवाल्यांना विचारायचा पहिला प्रश्न फीचा नाही. तासाभरात मी स्वतः किती मिनिटं बोलेन, हे विचारा. तीस जणांच्या बॅचमध्ये शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत तरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. शिक्षक बोलणारच, म्हणजे एक मिनिटही कठीण. एवढ्यासाठी जुळे सोलापूरहून सात रस्त्यापर्यंत रोज येणं-जाणं करायचं का, याचा विचार करा. सात-आठ जणांची बॅच, चुका वहीत लिहून परत देणारे शिक्षक आणि पाठ न केलेल्या विषयावर बोलायला लावण्याची पद्धत असेल तर क्लास पैशाचं मोल देतो. काळांचे तक्ते फळ्यावर उतरवून घेणारा क्लास शाळेचीच उजळणी आहे.

क्लासची एक बाजू मात्र कार्डं आणि पुस्तकं कधीच भरून काढणार नाहीत: समोर माणूस असतो आणि उत्तर आत्ता द्यावं लागतं. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि जखमींवर उपचार करता करता तिथल्या सहकाऱ्यांत राहून चिनी शिकले. समोरच्या रुग्णाला काय होतंय हे विचारावंच लागत होतं. गरजेचं हे बळ घरी एकट्याने बसून येत नाही. क्लास परवडत नसेल तर एक मैत्रीण गाठा, ठरलेल्या विषयावर पाच-पाच मिनिटं बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना अडलेले शब्द टिपा. ते शब्द दुसऱ्या दिवशी कार्डावर गेले पाहिजेत.

ॲपबद्दल थोडक्यात. ड्युओलिंगोसारखी ॲप रोज बसण्याची सवय लावतात आणि अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याला धीर देतात. ज्याला बातमी वाचून कळते त्याला ती फार पुढे नेत नाहीत.

कुणी काय घ्यावं

अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात काम करणाऱ्याने क्लासही लावू नये आणि गाइडही घेऊ नये. त्याचं इंग्रजी मेलमध्ये आहे. ऑफिसला आलेल्या चांगल्या मेलमधली तयार वाक्यं वेगळी काढा: माल कधी निघेल, जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) ठरल्यापेक्षा कमी का आला, नमुना मंजूर झाला का, पैसे कधी मिळतील. अशी पन्नास-साठ वाक्यं आणि त्यांतले बदलते शब्द पक्के झाले की रोजचं काम निभावतं. परदेशी पाहुण्यांशी बोलायची वेळ येणार असेल तेव्हाच छोट्या बॅचचा क्लास.

नर्सिंग करून परदेशी जायचं ठरवलेल्या मुलीचं वेगळं. आयईएलटीएस या परदेशी जाणाऱ्यांसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत लेखन आणि संभाषण या दोन्ही भागांत गुण देण्याचे चार निकष आहेत आणि शब्दांचा वापर हा त्यातला एक, म्हणजे चौथा हिस्सा. तिथे अवघड शब्द चुकीच्या जागी घातला तर नुकसानच होतं. तिने कॉक्सहेड यांची यादी कार्डांवर घ्यावी, वाचन रोज करावं आणि चुका तपासून देणारा माणूस मात्र पैसे देऊनही मिळवावा. आरोग्यसेवेतल्यांसाठी ओईटी ही वेगळी परीक्षाही आहे. तिच्यातलं संभाषण रुग्णाशी आणि पत्र रुग्णाबद्दल असतं, त्यामुळे वॉर्डात काम केलेल्या मुलीला ती ओळखीची वाटते. ज्या देशात जायचं तिथे कोणती परीक्षा चालते हे आधी पाहून मगच तयारी सुरू करावी.

स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांनी आपला पेपर नीट बघावा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा सक्तीचा पेपर 300 गुणांचा आणि फक्त पात्रतेपुरता असतो. त्यात निबंध, उतारा आणि सारांश येतो, तिथे वाचन आणि लिहिण्याचा सराव कामाला येतो, गाइडातले दुर्मिळ शब्द येत नाहीत. एसएससी आणि बँकेसाठी मात्र गाइड घ्या, फक्त त्यातल्या समानार्थी शब्दांचे गट फोडून ते वेगवेगळ्या दिवशी कार्डांवर उतरवा, आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य शिकणाऱ्यांच्या कोशातून घ्या.