अंत्यविधीचा तयार संच: आधी दोरी आणि कापड बघा

'अंत्यविधीचे सर्व साहित्य मिळेल, २४ तास' अशी पाटी शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांच्या आसपास हमखास दिसते. एक फोन केला की तिरडीच्या बांबूपासून कापरापर्यंत सगळे घरी येते. त्या घटकेला घरच्यांना चार दुकाने फिरावी लागत नाहीत, हा या संचाचा सर्वांत मोठा गुण. मात्र पोते उघडून कोणी बघत नाही, आणि काय कमी पडले ते स्मशानात कळते. शेजारच्या एखाद्या शांत माणसाने पाच मिनिटे देऊन सामान तपासावे.

पहिली तिरडी. सात-आठ फुटांचे दोन बांबू आणि आडव्या सहा-सात कामट्या एवढे पुरते. बांबू वाळून चिरलेला असेल तर मोडू शकतो, म्हणून एकदा वजन देऊन बघावा. रुंदी दीड फुटाच्या आसपास ठेवावी. त्याहून रुंद तिरडी इमारतीच्या जिन्यात वळत नाही, मग ती उभी करावी लागते. ते कोणालाच बघवत नाही.

संचांत सर्वाधिक फसवणूक होते ती दोरीत. सुतळी किंवा काथ्याच हवा. स्वस्त संचात नायलॉनची दोरी घालतात. ती गुळगुळीत बांबूवर सरकते, तिची गाठ सैल पडते आणि आगीत वितळून चिकटते. सोबत एक पाते असावे, कारण विद्युतदाहिनीत देह तिरडीवरून ट्रॉलीवर घेताना दोऱ्या कापाव्या लागतात.

कापड मांजरपाटच घ्यावे, पाच मीटर: निम्मे खाली, निम्मे वर. पांढरे चकचकीत कापड बहुधा पॉलिस्टर असते; एक धागा जाळून बघा, सुती धाग्याची राख होते, पॉलिस्टरचा गोळा. हनुवटी आणि पायाचे अंगठे बांधायला सुती पट्टी व कापूस बऱ्याच संचांत नसतो. दोन-चार तासांत देह ताठ होऊ लागतो, त्यामुळे याची गरज सर्वांत आधी पडते.

मडकी दोन, अग्नीचे आणि पाण्याचे. पाण्याचे मडके पातळच असावे. जाड मडक्याला एका घावात भोक पडत नाही. ते खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या मुलाला वा मुलीला तीन-तीन घाव सोसायला लावू नयेत. तुपाच्या नावाखाली वनस्पती तूप (डालडा) येते, तेव्हा तुपाचा डबा घरून न्यावा. तीळ, तुळस, गोवऱ्या, गुलाल यांत सहसा खोट नसते.

चांगला दुकानदार मोजकेच विचारतो: बाई की पुरुष, सवाष्ण आहे का, पद्धत कोणती, लाकडावर की विद्युतदाहिनीत. सवाष्णीसाठी हिरवी साडी आणि चुडा, वारकऱ्यासाठी बुक्का आणि माळ, लिंगायत घरात दफनाचे सामान. दहनाचे सामान दफन करणाऱ्या घरी पोहोचले तर ती चूक फार खोल जाते. जो दुकानदार हे नीट विचारतो आणि चंदन, सुगंधी तेल गळ्यात मारत नाही, त्याचा नंबर जपून ठेवावा.

तीन गोष्टी कुठल्याच संचात मिळत नाहीत, पण अनुभवी दुकानदार त्यांची आठवण करून देतात. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला (नमुना ४-अ) आधी घ्यावा. नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते. शरीरात पेसमेकर असेल तर तो काढून घ्यावा, नाहीतर दहनात त्याच्या बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. आणि नेत्रदान करायचे असेल तर नेत्रपेढीला लगेच कळवावे, कारण ते मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते. तोवर डोळे मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर उंच ठेवावे आणि पंखा बंद करावा.

अस्थींसाठी झाकणाचे छोटे मडके, वर बांधायला कापड आणि नाव लिहायला चिठ्ठी हवी. विद्युतदाहिनीत अस्थी दोन-एक तासांत हातात मिळतात, त्यामुळे हे मडके तिसऱ्या दिवशीच्या सामानात न ठेवता पहिल्याच पोत्यात मागून घ्यावे.