कयाक झकास, बूच भिकार: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

काल सर्विसवाल्यांचा शेवटचा मेल आला की ड्रेन प्लग, म्हणजे कयाकच्या पोकळ पोटातलं पाणी काढायच्या भोकाचं बूच, हा 'झिजणारा भाग' आहे, तो वॉरंटीत बसत नाही. म्हणून आज लिहायला बसलेय, नाहीतर मी रिव्ह्यू वगैरे लिहिणारी बाई नाही. माझी कयाक म्हणजे दोन सीटची, वर बसायची, प्लास्टिकची वल्ह्याची होडी, लांबी-वजन-लोड इथे टाइप करत नाही. आठ महिन्यांत पंधरा-सोळा वेळा समुद्रात गेली असेल. एवढे पैसे मोजल्यावर अंगठ्याएवढ्या बुचासाठी भांडायला लागतं, याचाच राग जास्त आहे.

पहिले चार महिने मी हिचं कौतुक सांगून सांगून सगळ्यांचं डोकं खाल्लं. खरंच चांगली आहे. डुगडुगत नाही, उलटलात तरी आडवं झोपून पाय मारत परत वर चढता येतं, लाट अंगावर आली तर पाणी सीटजवळच्या भोकांतून आपोआप आरपार खाली जातं. मागचा फिन, म्हणजे पाण्यात उतरणारी पट्टी, खाली सोडला की बऱ्यापैकी सरळ चालते.

मग तो दिवस. आम्ही पाच जण, तीन कयाक. ओहोटीबरोबर खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर जायचं, आणि भरती लागली की तिच्या जोरावर परत, असा बेत. भरतीचं गणित मी स्वतः मांडलेलं, सहा तासांतल्या तिसऱ्या-चौथ्या तासातच निम्मं पाणी सरकतं, त्यामुळे निघायची वेळ त्या हिशोबाने धरलेली. जाताना तर स्वर्ग. टोकाच्या आडोशाला वारा नाही, पाणी काचेसारखं, गप्पा मारत गेलो. पुळणीवर तासभर पडून राहिलो आणि परत निघालो तर टोक ओलांडल्या ओलांडल्या वारा समोरून.

बाकीच्या दोन कयाक चालल्या पुढे आणि आमची जागची हलेना. पुढे बसलेली मैत्रीण म्हणाली, तू मागे बसून नुसतं वल्हं बुडवतेयस ना? आता दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याला मागचं दिसत नाही हे खरं, पण मी खांदे तुटेस्तोवर मारत होते हो! त्यात कयाकचं नाक सारखं वाऱ्याबरोबर फेकलं जात होतं, आणि जरा कलली की कलतच जायची, पोटात काहीतरी या बाजूचं त्या बाजूला पळाल्यासारखं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मधलं झाकण उघडलं तर आत तळं. पाणी मागच्या टोकाला साचलेलं, म्हणून शेपूट खाली आणि नाक वर, आणि वर आलेलं नाक वारा ढकलणारच. एकट्याने कयाक चालवणाऱ्या मित्राकडे हातपंप होता, तो बाजूला येऊन आमची कयाक धरून बसला आणि आम्ही उपसलं. लाटेत झाकण उघडं ठेवणं हा शहाणपणा नाही, पण तेव्हा दुसरा उपाय सुचला नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घातलेली होती, म्हणून आज हे हसत लिहितेय.

पंपाने तळाचं सगळं निघत नाही. उरलेलं किनाऱ्यावर बूच काढून बादलीत घेतलं. उपसलेलं धरून अंदाजे दीड बादली, म्हणजे २८-३० लिटर. समुद्राचं पाणी लिटरला किलोपेक्षा थोडं जास्तच भरतं, म्हणजे आम्ही तीस किलोचा बिनकामाचा पाहुणा घेऊन वाऱ्याशी भांडत होतो.

इथून बूच-पुराण सुरू. सर्विसला व्हिडिओ पाठवला. त्यांनी दुसऱ्या कोनातून मागितला. मग पावती. मग पंधरा दिवस शांतता. शेवटी उत्तर आलं की नवीन बूच विकत घ्या. घेतलं, कुरकुर करत घेतलं, आणि पुढच्या वेळी परत पाणी! तेव्हा मी खात्रीच केली की प्लास्टिकलाच चीर आहे, बहुतेक पाणी जायच्या भोकांच्या तळाशी, तिथे चिरा जातात म्हणे. तसं असतं तर कपाळाला हात, कारण या प्लास्टिकला साधा गोंद धरत नाही, वेल्डिंगच करायला लागतं.

तर कयाक पालथी घालून सगळीकडे साबणाचा फेस लावला आणि बुचाच्या भोकातून तोंडाने फुंकलं (कॉम्प्रेसर लावू नका, फाटेल). कुठेही बुडबुडा नाही. मग गाडीवरून उतरवताना सहज हात लावला तर कयाक तव्यासारखी तापलेली. तिथे उलगडा झाला! उन्हात आतली हवा फुगते आणि झाकणाच्या फटीतून निघून जाते, मग तापलेली कयाक आपण थंड पाण्यात टाकतो, हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. आतली जागा ढोबळ ४०० लिटर, हवा ५० डिग्रीवरून २७ वर आली तर सात टक्के आकसणार, म्हणजे २८ लिटर. दीड बादली! आणि ओढायला वाट कोणी दिली, तर बुचाच्या वॉशरखाली अडकलेल्या वाळूच्या कणाने.

म्हणजे मान्य, कयाकची चूक नाही आणि बुचाचीही अर्धीच. पण हे माहितीपुस्तकात एका ओळीत लिहायला काय झालं होतं? तिथे वल्हं कसं धरायचं याची चार चित्रं आहेत.

आता मी गाडीवर नेताना बूच काढूनच ठेवते, किनाऱ्यावर कयाक उथळ पाण्यात गार होऊ देते, मग वॉशर पुसून बूच लावते. वॉशर पण बदलला, नळाचा जुना घरात पडलेला होता तो बसला, फुकटात. त्यानंतर पाच वेळा गेलो, दर वेळी अर्ध्या मगाच्या आतच पाणी निघालं.

बाकी किरकोळ. सीटच्या खिशाची चेन मिठाने गंजली. वल्ह्याचा जोड दर वेळी गोड्या पाण्याने धुवून सुटा केला नाही तर जाम होतो. दोघींनी उचलायची म्हणजे कंबर आधी विचारून घ्या.

पाचपैकी चार. कापलेला स्टार बुचाला दोरी दिली नाही म्हणून, काढून ठेवलं की ते वाळूत हरवतंच. मी बांधलीय, जुन्या बुटाची लेस.